ऑप्शनला टाकलेलं युनिट

आमच्या युनिव्हर्सिटीच्या 'कॉम्प्युटर नेटवर्क्स'च्या पेपरात पहिला प्रश्न काय येणार हे कुणाला विचारावं लागत नसे. ओएसआय मॉडेल, म्हणजे दोन कॉम्प्युटरमधल्या संवादाची कामं सात थरांत वाटून दाखवणारा आराखडा, सुबक आकृतीसह, मार्क दहा. सात चौकोन एकावर एक रचायचे, पट्टीनं रेघा मारायच्या, प्रत्येकात नाव लिहायचं आणि बाजूला त्याची तीन-तीन कामं. सातांचा क्रम हुकू नये म्हणून सीनियर्सकडून एक इंग्रजी वाक्य वारशात मिळायचं: 'प्लीज डू नॉट थ्रो सॉसेज पिझ्झा अवे'. मराठवाड्यातल्या ज्या गावात आमचं कॉलेज होतं तिथे २००८ साली पिझ्झा मिळत नव्हता, आणि सॉसेज म्हणजे काय याची चौकशी निम्म्या वर्गानं कधी केलीही नसेल. पण फिजिकल, डेटा लिंक, नेटवर्क, ट्रान्सपोर्ट, सेशन, प्रेझेंटेशन, ॲप्लिकेशन ही नावं झोपेतून उठवलं तरी घडाघडा म्हणता यायची.

टीईला, म्हणजे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, सगळ्यांचं एकमत होतं की प्रोग्रामिंगचे विषय करून बघायचे, गणिताचे विषय सुटले तर सुटले, आणि सीएन, म्हणजे हा नेटवर्क्सचा विषय, पाठ करायचा. घोकणाऱ्याचा विषय. केटी लागली, म्हणजे विषय राहिला, तर ती आळसानं लागली असं समजलं जायचं.

गंमत अशी की ज्या मॉडेलवर आमचे दहा मार्क ठरलेले असायचे, ते जगात जसंच्या तसं कुठे चालत नव्हतंच. आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेनं ते प्रमाण म्हणून प्रसिद्ध केलं १९८४ साली. त्याच्या आधीच, १ जानेवारी १९८३ रोजी, इंटरनेटचं पूर्वरूप असलेल्या अमेरिकेतल्या अर्पानेटनं जुना प्रोटोकॉल, म्हणजे कॉम्प्युटरांनी आपसात बोलायचे नियम, बंद करून टीसीपी/आयपी स्वीकारला होता. पुढे ओएसआयचे स्वतःचे प्रोटोकॉल बहुतेक मागे पडले आणि चित्र तेवढं उरलं, मुख्यतः पाठ्यपुस्तकात. सेशन आणि प्रेझेंटेशन हे दोन थर प्रत्यक्षात वेगळे दाखवता येत नाहीत. ती कामं ज्याचं त्याचं ॲप्लिकेशन उरकून टाकतं. तरी त्या चित्राला मी टाकाऊ म्हणणार नाही. नेट बंद पडलं की खालून वर चढत जायचं ही शिस्त त्यानंच लावली. आधी वायर बसलीय का बघा, मग दिवा लागतोय का, मग आयपी ॲड्रेस मिळालाय का. नेटवर्कवाले आजही सैल झालेल्या वायरीला 'लेअर वनचा प्रॉब्लेम' म्हणतात, आणि समोरचा माणूसच चुकत असेल तर 'लेअर आठ'चा.

लेअर वन आम्हाला शिकवला लॅब असिस्टंट काकांनी. त्यांच्या हुद्द्यात शिकवणं बसत नव्हतं. पहिल्या प्रॅक्टिकलला प्रत्येक टेबलावर हातभर निळी केबल, दोन कनेक्टर आणि चौघांत मिळून एक क्रिम्पर, म्हणजे कनेक्टर तारांवर दाबून बसवायची पक्कड. केबलचं वरचं साल सोललं की आत चार जोड्या, आणि प्रत्येक जोडीतल्या दोन तारा एकमेकींना पीळ घातलेल्या. "पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त सोडाल तर केबल परत करीन," काका आधीच बजावून ठेवायचे. मग क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आठ तारा चिमटीत धरून सपाट करायच्या, कात्रीनं एका रेषेत कापायच्या, कनेक्टरमध्ये शेवटपर्यंत सरकवायच्या आणि पुढच्या टोकाला तांबं दिसल्याशिवाय क्रिम्पर दाबायचा नाही. पहिल्या दिवशी निम्म्या मुलींच्या अंगठ्याला चिरा पडल्या होत्या आणि मुलं कनेक्टर दातानं धरत होती.

त्या क्रमात एक गोष्ट डोळ्याला खुपते. नारिंगी जोडी शेजारी-शेजारी, तपकिरी शेजारी-शेजारी, पण हिरवीला मधोमध फाडून तिच्या पोटात निळी घातलेली. आमच्या बॅचमधल्या एकाला हे पटलं नाही. त्यानं चारही जोड्या नीट लावल्या, प्रत्येक रंगाशेजारी त्याचा पांढरा जोडीदार, दोन्ही टोकांना अगदी सारखा क्रम. टेस्टर लावला. एक ते आठ सगळे दिवे ओळीनं लागले. तो विजयी मुद्रेनं काकांकडे बघायला लागला. काका काही बोलले नाहीत. त्यांनी ती वायर दोन मशीनच्या मध्ये लावली आणि पिंग, म्हणजे 'आहेस का' अशी छोटी हाक, मारायला सांगितलं. पिंग गेलं. मग एक मोठी फाईल कॉपी करायला लावली. ती थोडी सरकली, अडकली, पुन्हा थोडी सरकली.

कारण असं. एका जोडीतल्या दोन तारांवर तोच सिग्नल उलट-सुलट जातो. बाहेरून येणारा गोंगाट, म्हणजे शेजारची ट्यूबलाईट, पंख्याची मोटर, बाजूची जोडी, हे सगळं दोन्ही तारांवर जवळपास सारखंच आदळतं, कारण पिळामुळे दोघी आलटून-पालटून सारख्याच जवळ-दूर होत राहतात. पलीकडचा फक्त दोघींतला फरक मोजतो, त्यामुळे सारखं आलेलं आपोआप वजा होतं. ग्रॅहम बेलनं ही युक्ती टेलिफोनसाठी १८८१ सालीच पेटंट करून ठेवली होती. आता आमच्या लॅबमधली नेटवर्क कार्डं सिग्नल टाकायची-घ्यायची ती १-२ आणि ३-६ या पिनांवर. आमच्या मित्राच्या केबलमध्ये ३ नंबर एका जोडीतला आणि ६ नंबर दुसरीतला, म्हणजे ज्या दोन तारांनी एकमेकींना सांभाळायचं त्या एकमेकींना पिळलेल्याच नव्हत्या. आणि मधल्या दोन पिना निळ्या जोडीला का? तर टेलिफोनची लाईन आधीपासून मधल्या दोन पिनांवर बसलेली होती. तिला न हलवता बाकीच्यांनी आजूबाजूला जागा करून घेतली.

"टेस्टर फक्त तार तुटली नाही एवढंच सांगतो रे पोरा," काका म्हणाले, "ती चालेल असं नाही सांगत." वर्षभरात त्या विषयावर ऐकलेलं सर्वांत नेमकं वाक्य ते होतं, आणि ते कुठल्याच जर्नलमध्ये उतरवायचं नव्हतं.

वरचे थर वर्गात आले, फळ्यावर. सबनेटिंगला, म्हणजे एका नेटवर्कचे छोटे भाग पाडण्याला, सरांनी भरपूर तास दिले, आणि मला ते आवडायचं हे तेव्हाही कुणाला सांगायची सोय नव्हती. १९२.१६८.१०.७७ हा पत्ता, पुढे तिरकी रेघ आणि २६, म्हणजे पहिले सव्वीस बिट गल्लीचे. त्यातले चोवीस आधीच्या तीन आकड्यांतच गेले, राहिले दोन. सत्त्याहत्तर बायनरीत लिहा, वरचे दोन बिट ठेवा, बाकीचे पुसा, उरले चौसष्ट. म्हणजे हे घर ६४ ते १२७ च्या गल्लीत. एवढंच आहे ते. बत्तीस बिटांत सगळे मिळून ४,२९,४९,६७,२९६ पत्ते होतात, आणि सर तेव्हाच सांगायचे की हे पुरणार नाहीत. ३ फेब्रुवारी २०११ ला मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून संपले. आज आपल्या प्रत्येकाच्या घरात १९२.१६८ नं सुरू होणारे तेच ते पत्ते फिरतायत आणि दारातला राउटर बाहेरच्या एका पत्त्यावर सगळ्यांचं भागवतो.

मग आला एआरपी. आयपी पत्ता माहीत आहे, पण त्या पत्त्याचं यंत्र नेमकं कोणतं ते माहीत नाही, तेव्हा कॉम्प्युटर काय करतो? आमच्या आजोळच्या वाड्यात नवा पोस्टमन चौकात उभा राहून "देशपांडे कोण?" म्हणून ओरडायचा, आणि ज्या खिडकीतून "आम्ही" असं उत्तर येईल तिथे पत्र टाकायचा. हुबेहूब तेच. ओरडणं सगळ्यांना ऐकू जातं, ज्याचा पत्ता असेल तो बोलतो, बाकीचे गप्प बसतात. आणि देशपांडे नसलेल्या कुणी "आम्ही" म्हटलं तर? पत्र त्याच्याकडे जातं. एआरपीकडे खातरजमा करण्याचा मार्गच नाही. सरांनी हे सांगितल्यावर वर्गात पहिल्यांदा खऱ्या अर्थानं चुळबुळ झाली. इतकी भोळी यंत्रणा? पुढे कळत गेलं की नेटवर्क्सचा बराचसा मजला अशाच भोळेपणावर उभा आहे, कारण ती बांधणारी माणसं एकमेकांना नावानं ओळखत होती.

आयपीबद्दल वर्गात जे सांगितलं गेलं ते मला आधी नुसतं ऐकू आलं, समजलं बऱ्याच उशिरा. सप्टेंबर १९८१ च्या ज्या दस्तऐवजात आयपीची व्याख्या आहे, आरएफसी ७९१, त्यात सुरुवातीलाच स्वच्छ सांगून टाकलंय की पॅकेट, म्हणजे पत्ता घातलेला माहितीचा तुकडा, पोहोचेलच असं नाही, क्रमानं पोहोचेल असं नाही, हरवलं तर परत पाठवण्याची सोय इथे नाही. सगळ्या इंटरनेटचा पाया, आणि तो हात वर करून मोकळा! परीक्षेत आम्ही 'अनरिलायबल, कनेक्शनलेस' असं लिहून दोन मार्क घ्यायचो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचो.

त्या शब्दांना अर्थ दिला तो सहाव्या सेमिस्टरच्या सुरुवातीला घडलेल्या एका घटनेनं. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन केबल तुटल्या, सी-मी-वी ४ आणि फ्लॅग. भारताची परदेशी वाहतूक मोठ्या प्रमाणात त्यांच्यावरून युरोपमार्गे अमेरिकेला जायची. पेपरांत बातम्या आल्या, बीपीओवाल्यांची धावपळ झाली, आणि आमच्या लॅबमध्ये सरांनी, कधी नव्हे ते, जर्नल बाजूला ठेवायला सांगून ट्रेसरूट, म्हणजे पॅकेट कुठल्या वाटेनं जातं ते दाखवणारी कमांड, मारायला लावलं. एका अमेरिकन युनिव्हर्सिटीच्या सर्व्हरकडे आम्ही आधीच्या आठवड्यात मारलं होतं, त्याचे आकडे वहीत होते. आता तेच आकडे भलतेच फुगलेले, वाटेतली नावं निराळी आणि मध्ये-मध्ये नुसत्या चांदण्या, म्हणजे उत्तरच नाही. तरीसुद्धा दहापैकी सहा-सात पॅकेट पोहोचत होती. कुणीतरी कुठेतरी ती पूर्वेकडून, उलट्या बाजूनं वळवली होती. पॅकेटला त्याचा पत्ता नव्हता. आम्हालाही नव्हता.

ट्रेसरूटची करामत मला आजही लोभसवाणी वाटते. प्रत्येक पॅकेटवर एक आकडा असतो, प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो, शून्य झालं की पॅकेट फेकून देतो आणि पाठवणाऱ्याला तसं कळवतो. पॅकेट जन्मभर गोल-गोल फिरत राहू नये म्हणून केलेली ही सोय. ट्रेसरूट मुद्दाम आकडा एक ठेवून पॅकेट पाठवतं, ते पहिल्याच राउटरवर मरतं, निधनाची वार्ता येते, त्यावर त्या राउटरचा पत्ता असतो. मग आकडा दोन, मग तीन. असा सगळा नकाशा मृत्यूच्या वार्तांवरून काढायचा. हे लिहिणारा माणूस म्हणजे व्हॅन जेकबसन. त्याचं नाव पुन्हा येणार आहे.

खालचा थर काहीच कबूल करत नसेल, तर मग ईमेल अक्षर न् अक्षर बरोबर कसा पोहोचतो? ते काम आयपीच्या वरच्या थरातल्या प्रोटोकॉलचं, टीसीपीचं. लॅबच्या मशीनवर इथरियल होतं, वायरीवरून जाणारी पॅकेट पडद्यावर दाखवणारं सॉफ्टवेअर. त्याचं नाव २००६ मध्येच वायरशार्क झालं होतं, पण आमच्याकडे नवं नाव पोहोचायचं होतं. ब्राउझरमध्ये पत्ता टाकून एंटर मारलं की पडद्यावर तीन ओळी पटकन उमटायच्या: सिन, सिन-ॲक, ॲक. फळ्यावर बाण काढून शिकवलेली गोष्ट डोळ्यांसमोर घडताना दिसणं याची मजा वेगळी. या हँडशेकमध्ये निरोप तीनच का, हा ओरलमधला ठरलेला प्रश्न. दोन्ही बाजू आपापला एक सुरुवातीचा क्रमांक निवडतात. माझा क्रमांक मी सांगणार, तू पोच देणार. तुझा तू सांगणार, मी पोच देणार. झाले चार निरोप. मधले दोन एकाच पाकिटात घातले की तीन.

पण त्या तिसऱ्या निरोपाची पोच कुठे येते? इथे सरांनी दोन सेनापतींचा जुना पेच सांगितला. दोन टेकड्यांवर दोन फौजा, मधल्या दरीत शत्रू. दोघांनी एकाच वेळी हल्ला केला तरच जिंकणार, आणि निरोप दरीतूनच न्यावा लागणार, जिथे जासूद पकडला जाऊ शकतो. पहिला म्हणतो पहाटे निघू. दुसऱ्यानं कबूल केलं तरी त्याचा होकार पोहोचला की नाही हे त्याला माहीत नाही, म्हणून त्याला होकाराची पोच हवी, आणि मग त्या पोचेची पोच. कितीही निरोप पाठवले तरी दोघांची शंभर टक्के खात्री कधीच होत नाही. हे गणितानं सिद्ध झालेलं आहे. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, मग नेट चालतं कसं?" सर फळा पुसत म्हणाले, "टायमर लावून." सगळे हसले. पण उत्तर शब्दशः खरं होतं. टीसीपी खात्रीची वाट बघत बसत नाही. पाठवतं, घड्याळ लावतं, ठरावीक वेळेत पोच आली नाही तर पुन्हा पाठवतं.

आणि यातच पुढचं संकट दडलेलं होतं. ते होतं 'कंजेशन कंट्रोल', म्हणजे वाटेवरची गर्दी आवरणं, नावाच्या टॉपिकमध्ये, आणि तो ज्या युनिटमध्ये होता ते युनिट निम्मा वर्ग ऑप्शनला टाकायचा. आलेख काढावा लागतो, करवतीच्या दातांसारखा, त्यावर चार-पाच नावं लिहावी लागतात, आणि मार्क सहा. त्यापेक्षा ओएसआयचे सात चौकोन परवडले.

ऑक्टोबर १९८६. कॅलिफोर्नियातली लॉरेन्स बर्कले लॅब आणि बर्कलेची युनिव्हर्सिटी, अंतर चारशे यार्ड, म्हणजे गावातल्या बसस्टँडपासून पोस्टापर्यंत. त्यांच्यामधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. चाळीस हजार नव्हे, चाळीस. पाच अक्षरं. कागदावर लिहून चालत नेलं असतं तर लवकर पोहोचलं असतं. तार तुटली नव्हती, यंत्रं बंद पडली नव्हती. वाट भरल्यामुळे पॅकेट हरवत होती, हरवली म्हणून प्रत्येक कॉम्प्युटर नियमाप्रमाणे ती पुन्हा पाठवत होता, आणि पुन्हा पाठवल्यामुळे वाट आणखी भरत होती. प्रत्येक जण आपल्या जागी बरोबर वागत होता.

हे खणून काढलं ते त्याच जेकबसननं, मायकेल कॅरल्सच्या सोबतीनं, आणि १९८८ साली त्यावर निबंध प्रसिद्ध झाला. दुरुस्ती मधल्या राउटरमध्ये केलीच नाही. ती केली दोन्ही टोकांच्या कॉम्प्युटरमध्ये. आधी एक पॅकेट सोड. पोच आली तर दोन, मग चार, मग आठ. एका मर्यादेपुढे दर फेरीला एकेकानंच वाढ. आणि पॅकेट हरवलं की वाटेत गर्दी आहे असं समज आणि तिथल्या तिथे अर्ध्यावर ये. फारच बिनसलं तर पुन्हा एकपासून. तोच तो करवतीचा आलेख. कुणी हुकूम सोडत नाही, कुणी मोजत नाही, दंड नाही. जगातले कोट्यवधी कॉम्प्युटर एकमेकांना न ओळखता, नुसत्या पडलेल्या पॅकेटवरून अंदाज घेत, आपण होऊन मागे सरतात. माझ्या मते अख्ख्या अभ्यासक्रमातली सर्वांत मोठी गोष्ट ही, आणि ती आम्हाला सहा मार्कांना मिळाली. त्याच १९८६ साली आपल्याकडे अर्नेट या शिक्षण-संशोधन नेटवर्कचं काम सुरू झालं होतं: पाच आयआयटी, बंगळूरची आयआयएस्सी, मुंबईत जुहूचं एनसीएसटी हे सॉफ्टवेअर केंद्र आणि केंद्राचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग. म्हणजे आपण जाळ्यात पाऊल टाकत होतो तेव्हा जाळं गुदमरायला शिकत होतं.

हा नियम मोडला तर काय होतं हे मी आमच्या भाड्याच्या फ्लॅटवर बघितलं. चौघीजणींत एक कनेक्शन, २५६ केबीपीएस. सरकारी व्याख्येप्रमाणे तेव्हा ते ब्रॉडबँड होतं. आमच्यातल्या एकीला सिनेमांचं वेड, आणि तिच्याकडे डाउनलोड मॅनेजर होतं. ते एकच फाईल आठ तुकड्यांत, आठ वेगवेगळ्या कनेक्शनांनी ओढायचं. टीसीपीची वाटणी होते ती कनेक्शनगणिक, माणसागणिक नाही. ती एकटी आठ हिस्सेदार घेऊन पंगतीला बसलेली, आम्ही तिघी एकेकट्या. अकरा हिस्से; ढोबळमानानं तिला १८६, आम्हाला प्रत्येकी २३. तिच्या आठांपैकी प्रत्येक कनेक्शन मात्र अगदी सभ्य होतं. पॅकेट पडलं की अर्ध्यावर यायचं, नियमाबाहेर एक पाऊल नाही. आम्ही भांडलो नाही, कारण प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड फुकट होतं आणि तिनं गजर लावून उठायचं कबूल केलं. नेटवर्किंगच्या कुठल्याही थरात न बसणारा तो तोडगा परीक्षा संपेपर्यंत टिकला.

आता मी हाच विषय शिकवते. क्रिम्परची जागा बऱ्याच ठिकाणी पॅकेट ट्रेसर या सिम्युलेटरनं घेतलीय. पडद्यावर वायर ओढली की हिरवा ठिपका येतो, अंगठा चिरत नाही. ओएसआयचा प्रश्न अजून येतो. मी पहिल्या आठवड्यातच बर्कलेची गोष्ट सांगते आणि सात चौकोन नंतर, त्यामुळे विभागातल्या काही सहकाऱ्यांना वाटतं की माझा सिलॅबस पूर्ण होणार नाही. होतो.

गेल्या वर्षी एका कॉलेजात एक्स्टर्नल म्हणून गेले होते. सकाळपासून "हँडशेक तीनच का" विचारून माझंच तोंड दुखायला लागलं होतं. एका मुलीला करवतीचा आलेख काढायला सांगितला. तिनं काढला, नावंसुद्धा बरोबर लिहिली आणि पेन्सिल खाली ठेवून म्हणाली, "मॅडम, पण एखाद्यानं स्पीड कमी केलाच नाही तर?"

"तर त्याला जास्त मिळतं."

"आणि बाकीच्यांना?"

"कमी."

"मग त्याला कुणी थांबवत नाही?"

मी म्हटलं, काही राउटर आता रांगा वेगळ्या ठेवतात, पण मुळात नाही. इंटर्नल सर घड्याळाकडे बघत होते, बाहेर चाळीस जण फाईल घेऊन उभे. ती म्हणाली, "मग सगळेच असं का करत नाहीत?" मी तिला म्हटलं की यावर लोक अजून निबंध लिहितायत, तू एमटेकला ये. पंचवीसपैकी चोवीस दिले. पंचवीस द्यायची आमच्याकडे पद्धत नाही.